जुन्या ॲनालॉग ऑसिलोस्कोपची दुरुस्ती आणि देखभाल: आधी मोजा, मग बदला

रेघोट्या (धागाकर्ता)

मंडळी,

डिजिटल स्कोपच्या धाग्यावर जुन्या ॲनालॉग स्कोपचा (विद्युत सिग्नल पडद्यावर रेघेने दाखवणाऱ्या ऑसिलोस्कोपचा) विषय निघाला आणि 'सगळे कपॅसिटर बदलून टाक, चालू होईल' हा सल्ला लागोपाठ पडला. तिथे अवांतर नको म्हणून हा स्वतंत्र धागा. माझं म्हणणं थोडक्यात: जुना स्कोप सरसकट सुटे भाग बदलून दुरुस्त होत नाही, मोजून होतो. खरोखर बदलावे लागणारे भाग बहुतेक वेळा मूठभरच निघतात.

मोजून दुरुस्ती करता येते ती कागदपत्रांच्या जिवावर. टेक्ट्रॉनिक्स ही स्कोप बनवणारी कंपनी १९४६ साली सुरू झाली आणि १९४७ मध्ये ट्रिगर्ड स्वीप (सिग्नल ठराविक पातळीला आला की किरणाची आडवी धाव सुरू होते, ती सोय) असलेलं ५११ मॉडेल आलं. तेव्हापासून पुढची काही दशकं चांगल्या कंपन्यांच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये पूर्ण सर्किट, सुट्या भागांची यादी, प्रत्येक विभाग कसा चालतो याचं वर्णन आणि ठिकठिकाणचे व्होल्टेज व वेव्हफॉर्म छापलेले असत. यातली पुष्कळ मॅन्युअलं टेकविकी या टेक्ट्रॉनिक्सच्या यंत्रांना वाहिलेल्या संकेतस्थळावर स्कॅन करून ठेवलेली आहेत. फक्त सीरियल नंबर जुळवून बघा. उत्पादन चालू असतानाच सर्किटमध्ये बदल होत आणि ते मॅन्युअलच्या शेवटी सीरियल नंबरनुसार दिलेले असतात. तिकडे दुर्लक्ष केलं तर बोर्डवर नसलेला रेझिस्टर शोधण्यात संध्याकाळ जाते.

झाकण काढण्याआधी मागे बघा. मेन्सचा सिलेक्टर ११५ व्होल्टवर आहे की २३०, फ्यूज योग्य किमतीचा आहे की कुणी तार गुंडाळून ठेवली आहे, प्लगची अर्थ पिन शाबूत आहे की तोडलेली. तोडलेली अर्थ हा जुन्या स्कोपचा नेहमीचा आजार. 'फ्लोटिंग' (स्कोप जमिनीशी न जोडता) मापन करायला कुणीतरी ती तोडतो आणि स्कोपचं सगळं धातूचं अंग जिवंत होऊ शकतं. पहिलं काम ती जोडायचं.

लिनिअर पॉवर सप्लाय असेल तर पहिल्यांदा सिरीज बल्बमधून (मेन्सच्या वाटेत ओळीत जोडलेल्या साध्या बल्बमधून) सुरू करा. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक, भक्क पेटून राहिला तर आत शॉर्ट आहे. स्विचिंग सप्लायच्या स्कोपला मात्र ही युक्ती फसवते. कमी व्होल्टेजवर तो सुरू-बंद, सुरू-बंद करत बसतो आणि आपण नसलेला दोष शोधतो.

आता हाय व्होल्टेज. सीआरटीच्या (पडद्याच्या ट्यूबच्या) कॅथोडला उणे २००० ते ३००० व्होल्ट असतात आणि पोस्ट-ॲक्सिलरेशनच्या (किरणाला पुढे आणखी वेग देणाऱ्या) ट्यूबला त्यावर १० ते २० हजार. कॅथोडच्या सप्लायमागे जीव घेण्याइतकी ताकद असते. साधा मल्टीमीटर इथे लावायचा नाही, हाय व्होल्टेज प्रोबच हवा. स्कोप बंद केल्यावर ॲनोड मोठ्या रेझिस्टरमधून डिस्चार्ज करा, थोडं थांबा आणि पुन्हा करा. ट्यूबची काच स्वतःच कपॅसिटरचं काम करते आणि गेलेला चार्ज थोडा परत येतो.

एवढं झालं की लो व्होल्टेज रेल, म्हणजे सर्किटला ठराविक व्होल्टेज पुरवणाऱ्या ओळी. ट्रेस नाही, ट्रिगर धरत नाही, रेघ जाड दिसते, काहीही तक्रार असो, सुरुवात रेलपासूनच. बहुतेक स्कोपांत एक रेल संदर्भाची असते आणि बाकीच्या तिच्यावर बेतलेल्या असतात. १९७२ चा टेक्ट्रॉनिक्स ४६५ घ्या: +११०, +५५, +१५, +५ आणि −८ व्होल्ट अशा पाच रेल, त्यात ५५ व्होल्टची संदर्भाची. ती घसरली तर बाकीच्यांचे आकडेही चुकीचे येणार. म्हणून ती आधी मोजा. आकडा बरोबर आला म्हणून लगेच पुढे जाऊ नका, दुसऱ्या स्कोपवर एसी कपलिंगमध्ये रिपलही (डीसीवर उरलेला एसी चढउतार) बघा. मल्टीमीटर डीसी अगदी बरोबर दाखवतो आणि त्यावर बसलेला रिपल गिळून टाकतो.

तुमचे अनुभव येऊ द्या.

---

कंडेन्सरकाका

रेघोट्या, लेख छान, पण मुद्द्यावर असहमत. इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरचं, म्हणजे कंडेन्सरचं, वय होतंच. आतलं रसायन सुकतं, ईएसआर (त्याचा आतला रोध) वाढतो. तापमान १० अंशांनी वाढलं की आयुष्य साधारण निम्मं होतं हा ढोबळ नियम सगळ्यांना माहीत आहे. स्कोपच्या आत ऊब कायमची. मग चाळीस-पन्नास वर्षांचा कंडेन्सर आज बरा मोजला म्हणून ठेवायचा आणि पुढच्या वर्षी पुन्हा झाकण काढायचं? एकदाच सगळे बदला आणि निवांत व्हा.

---

रेघोट्या

काका, निवांतपणा कुणाला नको! पण तीन गोष्टी वेगळ्या करू.

मेन्सवर बसलेले जुने मेटलाइज्ड कागदाचे फिल्टर कपॅसिटर न मोजता काढा, यात वाद नाही. त्यांच्या पारदर्शक आवरणाला बारीक तडे जातात, ओलावा आत शिरतो आणि एक दिवस खोलीभर धूर होतो. तिथे आज सुरक्षा दर्जाचा फिल्म कपॅसिटर लावायचा, साधा नाही.

टँटलम कपॅसिटरचं वेगळं. ते हळूहळू म्हातारे होत नाहीत, थेट शॉर्ट होतात. १५ व्होल्टच्या रेलवर २० व्होल्टचा टँटलम हा त्या काळचा प्रघात होता. बदलताना निदान दुप्पट व्होल्टेजचा घ्या.

राहिले मोठे डब्याएवढे फिल्टर कपॅसिटर. ते त्या काळी उत्तम प्रतीचे बनत आणि बरेचसे आजही ईएसआर आणि क्षमता दोन्हींत उत्तीर्ण होतात. ते काढायचे म्हणजे चार-पाच जाड पाय एकदम मोकळे करायचे. जुन्या बोर्डवर पॅड उखडला की चालू असलेल्या स्कोपमध्ये आपणच एक दोष घालून ठेवतो. रोगापेक्षा इलाज भयंकर.

आणि सर्वात मोठं कारण: पन्नास भाग एकदम बदलल्यावर स्कोप चालला नाही, तर मूळ दोष कोणता आणि नवा कोणता हे कसं ओळखणार? ध्रुव उलटा लागलेला एक कपॅसिटर पुरतो.

---

सोल्डरमित्र

रेघोट्याशी सहमत, आणि एक भर. टेक्ट्रॉनिक्सच्या ५०० मालिकेत म्हणजे ५४५ वगैरे व्हॉल्व्हच्या स्कोपांत बोर्डच नसतो. सिरॅमिकच्या पट्ट्यांना खाचा असतात आणि सुटे भाग त्या खाचांत सोल्डर केलेले असतात. खाचेच्या आत चांदीचा थर भाजून बसवलेला आहे. साधं टिन-लेड सोल्डर वितळलं की ती चांदी त्यात विरघळू लागते. दोन-चारदा तसं केलं की सोल्डर सिरॅमिकला धरेनासं होतं आणि पट्टी कायमची गेली. म्हणून साधारण ३ टक्के चांदीचं सोल्डर वापरायचं. कंपनीने त्याचं छोटं रीळ स्कोपच्या आतच अडकवून दिलेलं असे. झाकण काढलंत आणि ते रीळ जागेवर असेल तर त्याला हात लावू नका राव, तो स्कोपचाच भाग आहे!

---

नवशिका

नमस्कार. मी या विषयात अगदी नवा आहे. माझ्याकडे ७० च्या दशकातला दोन चॅनेलचा १०० मेगाहर्ट्झचा स्कोप आलाय. पंखा फिरतो, पॅनेलचे दिवे लागतात, स्क्रीन पूर्ण काळी. इंटेन्सिटी पूर्ण वाढवली तरी काही नाही. ट्यूब गेली का? वरचं वाचून सगळ्या रेल मोजल्या, मॅन्युअलच्या मर्यादेत आहेत. रिपल मोजायला दुसरा स्कोप नाही.

---

रेघोट्या

आधी इंटेन्सिटी खाली आणा! किरण अचानक मध्यभागी आला आणि स्थिर ठिपका राहिला तर फॉस्फर जळतो आणि तो डाग कायमचा.

पुढच्या पॅनेलवर 'बीम फाइंडर' असं बटण असेल. स्वीप ऑटोवर, दोन्ही पोझिशन नॉब मध्यावर, इनपुट ग्राउंडवर ठेवा आणि ते बटण दाबा. काय दिसतं ते लिहा. हे बटण डिफ्लेक्शनची मर्यादा आवळून बाहेर गेलेला किरण स्क्रीनच्या आत ओढतं.

---

नवशिका

दिसलं! वरच्या कडेला एक छोटी आडवी रेघ. बटण सोडलं की गायब. व्हर्टिकल पोझिशन फिरवून खाली येत नाही. दोन्ही चॅनेलला तसंच.

---

रेघोट्या

झकास. या एका बटणाने किती काही कळलं बघ. रेघ आहे म्हणजे ट्यूब जिवंत, हाय व्होल्टेज आहे, स्वीप चालतोय, अनब्लँकिंगही (स्वीपच्या वेळी किरण उजळणंही) होतंय. दोष व्हर्टिकलमध्ये, म्हणजे रेघ वर-खाली हलवणाऱ्या विभागात. आणि दोन्ही चॅनेलला सारखाच म्हणजे चॅनेल स्विचच्या पुढे, दोघांच्या सामाईक वाटेवर. अर्ध्याहून जास्त सर्किट आपण स्क्रूड्रायव्हर न लावता बाद केलं.

आता व्हर्टिकल ॲम्प्लिफायर आपल्या या स्कोपांत डिफरेन्शियल असतो. सिग्नल दोन जुळ्या बाजूंनी चालतो आणि शेवटी वरच्या-खालच्या प्लेटला जातो. दोन्ही बाजूंचे व्होल्टेज समान असले की रेघ मध्यावर. तुझ्याकडे कुठेतरी एक बाजू झुकली आहे. ती जागा शोधायची रीत अशी: आउटपुट स्टेजपासून उलट, इनपुटच्या दिशेने यायचं. प्रत्येक स्टेजच्या इनपुटला, म्हणजे जोडीतल्या दोन ट्रान्झिस्टरच्या बेसना, छोट्या इन्सुलेटेड क्लिपच्या तारेने एकमेकांशी जोडायचं. जमिनीला नाही, एकमेकांशी. रेघ मध्यावर आली तर तिथून पुढचं सगळं समतोल आहे आणि दोष त्याच्या मागे. नाही आली तर दोष त्याच स्टेजमध्ये किंवा पुढे.

तार लावताना स्कोप बंद, मग चालू. आणि ट्यूबच्या मानेजवळ हात नाही.

---

ऋणाग्र

दुसरा स्कोप नाही म्हणतोयस ना? रिपलसाठी मल्टीमीटर एसी रेंजला, सिरीजमध्ये एक फिल्म कपॅसिटर लावून रेलवर धर. उच्च वारंवारतेचं काही कळणार नाही, पण मेन्सच्या दुप्पट वारंवारतेचा घसघशीत रिपल असेल तर तो दिसतो. कपॅसिटरचं व्होल्टेज रेलपेक्षा पुरेसं जास्त हवं.

---

नवशिका

केलं. आउटपुट ट्रान्झिस्टरचे बेस जोडले, रेघ बरोबर मध्यावर. त्याच्या आधीच्या स्टेजचे बेस जोडले तर रेघ वरच. म्हणजे मधली स्टेज? तिथे दोन ट्रान्झिस्टर आहेत, दोन्ही सॉकेटमध्ये खोचलेले.

---

रेघोट्या

सॉकेटमध्ये आहेत हे तुझं नशीब. बंद करून दोघांची अदलाबदल कर, पायांचा क्रम तोच ठेवून. रेघ खालच्या कडेला गेली तर ट्रान्झिस्टर दोषी, वरच राहिली तर आजूबाजूचा रेझिस्टर, आणि मध्यावर आली तर सॉकेटचा संपर्क.

---

नवशिका

मध्यावर आली!! दोन्ही चॅनेल चालू! एका ट्रान्झिस्टरचे पाय अगदी काळे होते. आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसून परत बसवले. काही बदललं नाही आणि चालला, विश्वास बसत नाहीये.

---

कंडेन्सरकाका

अभिनंदन रे. ठीक आहे, या फेरीत माझे कंडेन्सर हरले. :)

पण शॉर्ट टँटलमबद्दल मीही काही सांगतो, कारण तो दोष काळ्या पायांपेक्षा जास्त भेटतो. रेल ० व्होल्टजवळ बसलेली असते आणि रेग्युलेटरचं करंट लिमिट तिला वर येऊ देत नाही. नवा माणूस रेग्युलेटर बदलत बसतो. आधी स्कोप बंद करून रेल आणि जमीन यांच्यातला रोध मोजा. १-२ ओहम आला तर त्या रेलवरचा कुठलातरी टँटलम गेलाय. पण कुठला? एका रेलवर ते डझनभर, चार बोर्डांवर पसरलेले. बोर्डांचे कनेक्टर एकेक करून काढा, रोध वाढला की बोर्ड सापडला. मग बाहेरच्या सप्लायमधून, करंट मर्यादित ठेवून आणि त्या रेलच्या व्होल्टेजच्या बरंच खाली राहून, त्या बोर्डाला थोडा करंट द्या आणि टँटलमांवर अल्कोहोलचा थेंब सोडा. ज्याच्यावरचा थेंब सगळ्यात आधी उडाला तो चोर. थर्मल कॅमेरा असेल तर प्रश्नच मिटला.

---

रेघोट्या

काका, हा प्रतिसाद वाचनखुणेत टाकण्यासारखा.

एक इशारा: काळ्या पायांची गोष्ट वाचून सगळे ट्रान्झिस्टर उपटायला जाऊ नका. जोड्या जुळवून लावलेल्या असतात. एकेक काढा, पुसा, त्याच जागी त्याच दिशेने बसवा. आणि ट्रिगर विभागात टनेल डायोड असू शकतो. लिओ इसाकीने १९५७ मध्ये शोधलेला, पुढे १९७३ चं नोबेल ज्या कामाला मिळालं तो हाच डायोड. आज बदली मिळणं महाकठीण. बेधडक मल्टीमीटर ओहमवर लावून तो तपासायला गेलात तर मीटरचाच करंट त्याला मारू शकतो.

---

धनाग्र

देखभालीबद्दल कुणी लिहील का? माझा चालतोय, फक्त व्होल्ट-प्रति-विभागाचा नॉब हलवला की रेघ उड्या मारते. कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा मारू का?

---

सोल्डरमित्र

थांबा! फवारा नको. त्या काळच्या बऱ्याच पोर्टेबल स्कोपांत ॲटेन्युएटरला (सिग्नल प्रमाणात लहान करणाऱ्या भागाला) कॅम स्विच असतो: नॉबबरोबर एक प्लास्टिकचा दंडगोल फिरतो, त्याच्या उंचवट्यांनी पातळ पत्र्याच्या पट्ट्या दाबल्या जातात आणि त्यांची सोन्याचा मुलामा दिलेली टोकं बोर्डवरच्या पॅडला टेकतात. फवाऱ्यातलं द्रावण काही प्लास्टिकांना चरे पाडतं आणि मागे राहिलेला तेलकट थर उच्च रोधाच्या सर्किटमध्ये गळती करतो. इनपुट १ मेगाओहम आहे, तिथे थोडी गळतीसुद्धा दिसते.

चांगल्या जाड कागदाची अरुंद पट्टी कापा, आयसोप्रोपाइलने ओली करा, संपर्क उघडा असताना पट्टी पॅडवर सरकवा, नॉब फिरवून संपर्क मिटवा आणि पट्टी हळूच ओढा. कागदावर करडी रेघ उमटेल. पट्टी स्वच्छ येईपर्यंत पुन्हा. काचकागद, खोडरबर अजिबात नको, मुलामा एकदा गेला की गेला. पत्र्याची पट्टी वाकली तर सरळ करणं हा घाम फोडणारा उद्योग आहे. ओढताना कागद अडकला तर जोर लावू नका, नॉब फिरवून मोकळा करा.

---

ऋणाग्र

अख्खा स्कोप पाण्याने धुतात असं ऐकलंय. थट्टा आहे का?

---

रेघोट्या

थट्टा नाही. व्हॉल्व्हच्या काळात कंपनीच्या सर्व्हिस विभागांत सौम्य साबणाच्या पाण्याने धुऊन मंद आचेच्या कपाटात वाळवत. धूळ ओलावा धरते आणि गळती करते म्हणून. पण आपण घरी करताना हाय व्होल्टेजचा विभाग, ट्रान्सफॉर्मर आणि बंद स्विच यांना पाणी लागू द्यायचं नाही आणि वाळवायला घाई करायची नाही. मला विचाराल तर मऊ ब्रश आणि कोरड्या हवेने नव्वद टक्के काम होतं. पंख्याच्या जाळीपासून सुरुवात करा.

साफ करताना एक लक्षात असू द्या: काही पॉवर ट्रान्झिस्टरखाली बेरिलियम ऑक्साइडचे पांढरे तुकडे असतात. अखंड असताना निरुपद्रवी, पण त्यांची भुकटी श्वासात गेली तर घातक. घासायचं नाही, फोडायचं नाही.

---

नवशिका

आता कॅलिब्रेशन कधी करू? आत पन्नासेक ट्रिमर (फिरवून बारीक समायोजन करायचे भाग) दिसताहेत आणि हात शिवशिवतोय.

---

कंडेन्सरकाका

हात खिशात. :)

---

रेघोट्या

काकांना +१. आधी प्रोब. १०× प्रोबच्या टोकात ९ मेगाओहम आणि समांतर छोटा कपॅसिटर असतो. पुढच्या पॅनेलवरच्या कॅलिब्रेटरचा चौकोनी सिग्नल लावून प्रोबचा ट्रिमर असा फिरव की वरची बाजू सपाट होईल, टोकाला शिंग नाही आणि गोलाईही नाही. 'स्कोप चुकीचं दाखवतो' या तक्रारींतला मोठा हिस्सा इथेच मिटतो.

मग स्कोप २० मिनिटं तापू दे. संदर्भाची रेल मर्यादेत असेल तर तिला हात नाही. ती हलवली की बाकी सगळी कॅलिब्रेशनं पुन्हा करावी लागतात. त्यानंतर मॅन्युअलच्या क्रमानेच: ट्यूबचे समायोजन, व्हर्टिकल गेन, मग टायमिंग. गेनला अचूक व्होल्टेज हवं आणि टायमिंगला क्रिस्टलचा सिग्नल.

उच्च वारंवारतेचे ट्रिमर सोडून दे, जोवर वेगवान कडेचा आणि सपाट माथ्याचा पल्स जनरेटर मिळत नाही. बँडविड्थ आणि राइज टाइमचा (कड चढायला लागणाऱ्या वेळेचा) गुणाकार सुमारे ०.३५, म्हणजे १०० मेगाहर्ट्झला ३.५ नॅनोसेकंद. जनरेटरची कड १ नॅनोसेकंदाची असेल तर पडद्यावर ३.६ च्या आसपास दिसायला हवं, कारण दोघांच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ घ्यायचं असतं. ५ नॅनोसेकंदाच्या जनरेटरवर ते ट्रिमर फिरवलेस तर तू स्कोप नाही, जनरेटरचे दोष झाकतोयस.

---

धनाग्र

कागदाच्या पट्टीने काम झालं, रेघ स्थिर. पुढचा प्रश्न: ८० च्या दशकातला मायक्रोप्रोसेसरवाला स्कोप घ्यावा का? टेक्ट्रॉनिक्स २४६५ वगैरे.

---

रेघोट्या

उत्तम यंत्रं, पण कॅलिब्रेशनचे आकडे बऱ्याच वेळा बॅटरीवर जिवंत ठेवलेल्या मेमरीत असतात. काही आवृत्त्यांत बोर्डवर लिथियम सेल, नंतरच्या काहींत बॅटरीसकट बंद मेमरी चिप. बॅटरी संपली की आकडे गेले. म्हणून घेतल्यावर तो चालू असतानाच आकडे उतरवून ठेवा, बॅटरीचं नंतर बघा. २४६५बी मध्ये एका बोर्डवर पृष्ठभागावर लावलेले छोटे इलेक्ट्रोलायटिक आहेत, ते गळतात आणि खालचे तांब्याचे मार्ग खातात. ते मात्र न मोजता, लगेच काढा.

काका, हा मुद्दा तुमच्या खात्यात.